विजेवाचून मत्स्यालय

विजेचा प्रवाह खंडित होताच जिच्यातील जीवांचा प्राण कासावीस होतो, त्या काचेच्या पेटीस निसर्गाचा नमुना म्हणावे काय, असा प्रश्न आम्ही या लेखाच्या द्वारे आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. रंगीत मासे पाळण्याची हौस आता केवळ शहरापुरती उरलेली नाही. निपाणी, चिकोडी, इचलकरंजी, कोल्हापूर येथील बाजारांतून प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी व दोन मासे घेऊन मुले गावी परततात. कोणाच्या सोप्यात, कोणाच्या दुकानात काचेची पेटी दिसू लागते. ही हौस निंद्य नव्हे. जिवंत प्राण्याकडे तासन्‌तास पाहत बसणारे मूल काही ना काही शिकतेच. परंतु या हौशीबरोबर एक समजूतही घरोघरी शिरली आहे. पंपाची बुडबुड म्हणजेच माशाचा श्वास, आणि पंप थांबला की मासा मेला, ही ती समजूत. ती अर्धवट आहे व अर्धवट समजुतीपायी पुष्कळ मासे फुकट मरतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. विजेचा एक तारही न जोडता मासे सुखाने पाळता येतात; इतकेच नव्हे, तर शाळेने व विद्यार्थ्याने पाळावयाचे मत्स्यालय असेच असावे, हे आम्हांस येथे प्रतिपादावयाचे आहे.

आपले सदलगा दूधगंगेच्या काठी वसलेले. सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी काळम्मावाडीच्या धरणातून खाली येते, वाटेत वेदगंगेस सामावून घेते आणि पुढे कृष्णेस मिळते. तिच्या डोहात मरळ आहे, वाम आहे, शिंगाडा आहे, नाव ठाऊक नसलेल्या बोटभर मासोळ्या तर असंख्य आहेत. मराठी बोलणारे त्यांस मासे म्हणतात, शेजारच्या घरी कन्नड बोलणारे मीनु म्हणतात. मासोळ्या मात्र दोन्ही घरच्या पोरांना सारख्याच हुलकावणी देतात. या डोहाला कोणी पंप लावलेला नाही. मग त्याच पाण्याची एक घागर काचेच्या पेटीत ओतली की पंपावाचून तिचे अडते का? हा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहिला त्याचे विज्ञानाचे शिक्षण सुरू झाले, असे आम्ही समजतो.

आपल्या भागात या प्रश्नाला व्यवहाराचीही एक बाजू आहे. उसाला पाणी पाजण्यासाठी रात्री-अपरात्री उठून मोटर चालू करणारा शेतकरी ज्या घरात आहे, त्या घरातील मुलास वीज केव्हा येते व केव्हा जाते हे निराळे सांगावयास नको. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांत कृष्णा-दूधगंगेच्या काठची कितीतरी गावे पाण्याने वेढली गेली व अनेक ठिकाणी दिवसेंदिवस दिवे लागले नाहीत. अशा वेळी माणसांचेच हाल होतात. तेथे माशांच्या पंपाची चिंता कोण करणार? म्हणून ज्या प्रदेशात आपण राहतो त्या प्रदेशास साजेसे मत्स्यालय कोणते, याचा विचार आपणच केला पाहिजे. महानगरातील दुकानदाराने तो आपल्यासाठी केलेला नाही.

आता मुळाकडे वळू. मासा पाण्यातील पाणी श्वासात घेत नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. हा साठा फार तुटपुंजा असतो. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, आणि ३० अंशांस साडेसातच्या आसपास. म्हणजे पाणी जसजसे तापते तसतसा त्याचा कोठार रिता होत जातो. आपल्या चैत्र-वैशाखात मासे का गुदमरतात याचे अर्धे उत्तर एवढ्या आकड्यांत आहे.

उरलेले अर्धे उत्तर भांड्याच्या तोंडात आहे. हवेतील प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. समजा, दहा लिटर पाणी एका घागरीत गळ्यापर्यंत भरले व तेवढेच पाणी एका मोठ्या परातीत ओतले. घागरीचे तोंड चार इंच व्यासाचे आणि परात वीस इंच व्यासाची. व्यास पाचपट, म्हणून पृष्ठभाग पंचवीसपट, हे भूमितीच्या तासाला आपण शिकलोच आहो. पाणी तेच, वजन तेच; परंतु परातीतील पाण्याला हवा भेटण्यास पंचवीसपट जागा आहे. बाजारात मिळणारे गोल, निमुळत्या तोंडाचे काचेचे भांडे दिसावयास गोंडस खरे, पण माशाच्या दृष्टीने ती घागरच होय. पंप तरी काय करतो? त्याचे बुडबुडे पाणी घुसळतात, तळचे पाणी वर आणतात व पृष्ठभाग हलता ठेवतात. जो पृष्ठभाग आपण भांडे निवडतानाच देऊ शकतो, तो आपण देत नाही आणि मग वीज जाळून त्याची भरपाई करतो.

दुसरा आधार वनस्पतींचा. उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी पालथी घालावयाची व उन्हात बुडबुडे मोजावयाचे, हा प्रयोग आमच्यापैकी बहुतेकांनी वहीत काढलेला आहे. काहींनी केलेलाही आहे. त्याचे मूळ अठराव्या शतकात आहे. मेणबत्तीने वा प्राण्याच्या श्वासाने बिघडलेली हवा पुदिन्याच्या रोपाने पुन्हा सुधारते, हे जोसेफ प्रीस्टले यांनी १७७१ मध्ये पाहिले. यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ मध्ये पुढचा पल्ला गाठला. पाण्यात बुडविलेली हिरवी पाने सूर्यप्रकाशातच प्राणवायूचे बुडबुडे सोडतात व अंधारात तीच पाने हवा बिघडवितात, असे त्यांनी दाखवून दिले. या दुसऱ्या अर्धाचा विसर पडला की मत्स्यालय फसते. रात्री वनस्पती प्राणवायू देत नाहीत, उलट माशांबरोबर त्याही तो घेतात. म्हणून बिनपंपाच्या मत्स्यालयात खरी कसोटीची वेळ असते ती पहाटेची. पहाटे मासे शांतपणे पाण्याच्या मध्यावर तरंगत असतील तर सारे क्षेम आहे. ते वर येऊन पृष्ठभागाशी तोंडे उघडमीट करीत असतील, तर आपला हिशेब कोठेतरी चुकला आहे असे खुशाल समजावे.

हा हिशेब प्रथम जुळविला तो रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलनांच्या काचपात्रात वाळू, माती, दोन लहान सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. काही दिवस बरे गेले. मग जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी तळ्यातील पाच-सहा गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ फस्त केले, पाणी निवळले आणि १८५० मध्ये वॉरिंग्टन यांनी आपला वृत्तान्त विद्वानांच्या सभेपुढे मांडला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यगृह उघडले गेले. घरोघर वीज पुरविण्याचा व्यवसाय त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी सुरू झाला. म्हणजे मत्स्यालय आधीचे व वीज मागाहूनची. विजेवाचून मत्स्यालय अशक्य मानणे हे बैलगाडीस इंजिनावाचून चालता येणार नाही असे म्हणण्यासारखेच आहे.

तिसरी गोष्ट डोळ्यांस दिसत नाही, परंतु मत्स्यालयाचे भवितव्य तीच ठरविते. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो; तो माशास विष आहे. वाळूच्या कणांवर वाढणारे काही सूक्ष्म जंतू या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, पण नायट्रेट बरेच सौम्य. ते वनस्पतींस खत म्हणून उपयोगी पडते. शेतातील मातीत शेणखताचे जे होते तेच येथे पाण्यात होते. हे जंतू एका दिवसात वाढत नाहीत. त्यांस चार ते सहा आठवडे लागतात. नवी पेटी, नवे पाणी व नवे मासे एकाच संध्याकाळी एकत्र आणणाऱ्याचे मासे आठवडाभरात का मरतात, हे आता ध्यानी येईल. पंप चालू असतानाही ते मरतात. कारण मरणाचे निमित्त श्वास नसून घाईच असते.

कृतीचा विस्तार आम्ही फार करणार नाही. तथापि ज्यांस हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी मुख्य मुद्दे सांगणे अवश्य आहे. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असली तर उत्तम. काच परवडत नसेल तर जनावरांची जुनी दगडी डोणी, सिमेंटचे टाके किंवा रुंद तोंडाचे मातीचे भांडे चालेल; दगड व माती उन्हाळ्यात काचेपेक्षा गार राहतात. तळाशी चाळलेल्या साध्या मातीचा एक इंचाचा थर द्यावा व त्यावर स्वच्छ धुतलेल्या वाळूचा एक इंच थर घालावा. माती उसाच्या फडातील मात्र घेऊ नये. तिच्यात युरिया व इतर खते मुरलेली असतात आणि ती पाण्यात उतरली की मासे दगावतात. वर आठ इंच पाणी भरले म्हणजे सुमारे अडतीस लिटर होते. नळाचे पाणी असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच घालावे, म्हणजे ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन उडून जातो. बोअरचे पाणीही असेच हवेशीर होऊ द्यावे.

हायड्रिला आपल्याकडे तळ्यांत व कालव्यांत सहज सापडते. ती आणल्यावर धुऊन आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवावी, नाहीतर तिच्याबरोबर चतुराच्या हिंस्र अळ्या येतात व लहान माशांचा फडशा पाडतात. जलपर्णी मात्र आणू नये. तिचा विस्तार आवरणे कोणाच्याही हाती राहत नाही. पेटीचा तळ बहुतांशी हिरवा दिसेल इतकी लागवड पहिल्या दिवशीच करावी. पेटी पूर्वेच्या खिडकीशी ठेवावी. सकाळचे दोन-तीन तास ऊन पुरे. दिवसभराच्या उन्हाने पाणी तापते व शेवाळ माजते. एप्रिल-मेमध्ये भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. चार-पाच गोगलगायी सोडाव्यात आणि महिनाभर वाट पाहावी. रिकाम्या पेटीपुढे महिनाभर धीर धरणे हाच या उद्योगातील सर्वांत कठीण धडा आहे.

मासे किती ठेवावेत? पाण्याच्या पृष्ठभागाच्या दर बारा चौरस इंचांस एक इंच मासा, असा मत्स्यपालकांचा जुना ठोकताळा आहे. आपल्या पेटीचा पृष्ठभाग २८८ चौरस इंच, म्हणजे चोवीस इंच मासे झाले. पंप नाही, उन्हाळा कडक आहे, म्हणून आम्ही त्याच्या निम्मेच धरतो. दीड इंचाचे आठ मासे, याहून अधिक नाही. सोनेरी मासे यात बसत नाहीत. ते मोठे होतात व घाणही फार करतात. अन्न दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट. आणि आठवड्यातून एक दिवस उपवास. माशांस उपवासाने अपाय होत नाही, अजीर्णाने होतो. पहाटे मासे धापा टाकताना दिसले तर एक तांब्या घेऊन पेटीतीलच पाणी वीतभर उंचीवरून पुनःपुन्हा ओतावे, एक तृतीयांश पाणी बदलावे, आणि नंतर शांतपणे विचार करावा, की मासे जास्त झाले, अन्न जास्त झाले, की एखादा मासा मरून झाडांत कुजत पडला आहे?

यासाठी सर्वांत योग्य मासा गप्पी होय. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आणला गेला. डासांच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडतात हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस पाहिले, तेव्हापासून डासांविरुद्ध जी जी साधने हाती आली त्यांत या बोटभर माशाचेही स्थान आहे. आपल्याच कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील खेड्यांच्या तळ्यांत व विहिरींत हिवतापाविरुद्ध अळीभक्षक माशांचा उपयोग करण्यात आला. महाराष्ट्रात गप्पी पाळून हिवताप टाळण्याचा उपदेश गावोगावच्या भिंतींवर रंगविलेला दिसतो आणि आरोग्य केंद्रांच्या आवारात सिमेंटच्या टाक्यांतून गप्पींची पैदास केली जाते. ज्यांस विजेवाचून मत्स्यालय ही कविकल्पना वाटते त्यांनी अशा एखाद्या टाक्यापाशी जाऊन उभे राहावे. तेथे पंप नाही, दिवा नाही. उघडे रुंद टाके आहे, हिरवे पाणी आहे आणि शेकड्यांनी मासे आहेत. एक सूचना मात्र द्यावीशी वाटते. गप्पीची मादी महिन्याच्या अंतराने पिले देते व नर नसतानाही काही महिने देत राहते. संख्या आठवरच राहावी अशी इच्छा असेल तर केवळ नर ठेवावेत. रंगही त्यांचेच अधिक खुलतात.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पंप चार-दोनशे रुपयांस मिळतो, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही पंपाचे शत्रू नाही; विजेचेही नाही. दिव्याखाली बसून अभ्यास करणाऱ्याने विजेस नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु पंप असला की चुका झाकल्या जातात. पंधरा मासे मावतील तेथे तीस कोंबले तरी दिवस निभावतो. आणि मग एखाद्या रात्री वीज जाते व पहाटे सर्वच्या सर्व पोट वर करून तरंगतात. पंपावाचूनची पेटी चूक लगेच सांगते व दुरुस्तीस वेळ देते. ज्याने अशी पेटी वर्षभर सांभाळली त्याने पुढे खुशाल पंप लावावा; तो पंपाचा गुलाम राहणार नाही.

दुसरा आक्षेप डासांचा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, मग घरात उघडे पाणी ठेवावयाचे का? मासे नसलेल्या उघड्या पाण्याविषयी हे भय रास्त आहे. म्हणूनच वाट पाहण्याच्या त्या महिन्यात पेटीवर विणीचे कापड घट्ट बांधावे. मासे आल्यावर अळीस थारा राहत नाही.

तिसरा आक्षेप याहून गंभीर आहे व आपल्या गावी तो आदराने ऐकला पाहिजे. सदलगा हे आचार्य विद्यासागर महाराजांचे जन्मस्थान. १९४६ मध्ये ते येथे जन्मले. अहिंसेचा संस्कार ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेथील आजी जर विचारील की, "बाळ, नदीतल्या जिवाला काचेत कोंडण्यात कसला आनंद?", तर त्या प्रश्नास हसून उडवून लावणे असभ्यपणाचे होईल. त्या प्रश्नात फार तथ्य आहे, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे मासे पिंजऱ्यावाचून जपण्याची परंपराही आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीत, वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात, तसेच कर्नाटकात शृंगेरीस तुंगेच्या घाटावर देवाचे म्हणून राखलेले मोठे मासे निर्भयपणे विहरतात व भाविक त्यांस खाऊ घालतात. ही परंपरा काचेच्या पेटीहून श्रेष्ठ आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, नदीतील मोकळा मासा पकडून पेटीत आणू नये. पाळावयाचाच असेल तर टाक्यातच जन्मलेला गप्पी पाळावा. आणि ज्या घरास तेही रुचत नसेल त्याने केवळ झाडे, पाणी व त्यांबरोबर आपण होऊन आलेल्या गोगलगायी यांवरच समाधान मानावे. डास येऊ नयेत म्हणून वरचे कापड तेवढे कायम ठेवावे. बुडबुडे तेथेही मोजता येतील. मात्र दिव्याच्या झगमगाटात, पंपाच्या भरवशावर, एक मेला की दुसरा आणून जी पेटी भरली जाते, तिचे समर्थन आम्हांस कोणत्याही धर्माने वा शास्त्राने करता येईल असे वाटत नाही.

याच्या नेमक्या उलट अशी एक चूक दयाबुद्धीने केली जाते. मासे सांभाळणे जड झाले की त्यांस नदीत सोडून देण्यात येते व पुण्य केल्याचे समाधान मिळते. हे पुण्य नव्हे. परका मासा परक्या पाण्यात एकतर मरतो, किंवा जगला तर तेथील मूळ रहिवाशांचे अन्न व अंडी खाऊन माजतो. तिलापिया आज कृष्णेच्या खोऱ्यात सर्वत्र पसरला आहे. काच चाटणारा म्हणून पेटीत ठेवला जाणारा, काटेरी कवचाचा सकर मासा उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यांत येतो व जाळी फाडतो. तो तेथे कोणाच्या तरी पेटीतूनच गेला असला पाहिजे. गप्पीसही हाच नियम लागू आहे. दूधगंगेत, ओढ्यात किंवा नदीस जोडलेल्या तळ्यात तो कदापि सोडू नये. सह्याद्रीच्या नद्यांत असे मासे आहेत की जे जगात अन्यत्र कोठेही नाहीत. केरळ व दक्षिण कर्नाटकातील लाल-काळ्या पट्ट्यांचा एक सुंदर मासा काचपेट्यांच्या व्यापारासाठी इतका पकडला गेला की त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत झाली. २०१३ मध्ये संशोधकांनी त्याच्या कुळास 'सह्याद्रिया' असे नवे नाव दिले. आपल्या पर्वताचे नाव मिरविणारा मासा आपल्याच हौशीपायी नाहीसा व्हावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नसेल.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांतून वारंवार वाचतो. विष कालविले असेल, असे कोणी म्हणतो. देवाचा कोप, असे कोणी म्हणतो. परंतु ज्याने बिनपंपाची पेटी सांभाळली आहे त्यास तेथे काय घडते हे समजण्यास अडचण पडू नये. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरते, तापते व बंधाऱ्याशी स्थिर होते. त्यात गावांचे सांडपाणी व कारखान्यांची मळी येऊन पडते. ही घाण कुजविणारे जंतू पाण्यातील प्राणवायू भराभर ओढून घेतात. रात्री वनस्पतींकडून भर पडत नाही, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात. चिमूटभर अन्नाऐवजी मूठभर अन्न पडलेल्या पेटीत जे घडते तेच येथे घडते. भेद इतकाच, की पेटीतील पाणी आपण तांब्याने ढवळू शकतो आणि नदीस तांब्या पुरत नाही. तेथे उपाय एकच, घाण आत येऊ न देणे. हवा मिळण्यासाठी वर येणारा मरळ अशा पाण्यात काही काळ तग धरतो, म्हणून नदीत मरळ आहे तोवर नदी निरोगी आहे असे मानण्याचेही कारण नाही. बोटभर मासोळ्या नाहीशा झाल्या की समजावे, नदीचा श्वास कोंडला आहे.

दूधगंगेवर अशी पाळी येऊ नये असे वाटत असेल तर तिची नाडी पाहता येणारी मुले गावात तयार झाली पाहिजेत. ती व्याख्यानांनी तयार होणार नाहीत. म्हणून शाळेच्या चालकांस आमची नम्र विनंती आहे की, प्रत्येक वर्गात नव्हे तर निदान विज्ञानाच्या खोलीत अशी एक पेटी असावी आणि तिच्यापाशी एक नोंदवही असावी. सकाळी शाळा भरताच पाण्याचे तापमान किती, किती मासे पृष्ठभागाशी आहेत. दुपारी बुडबुडे किती. पाणी किती बोटे आटले. एवढ्याच नोंदी विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने कराव्यात. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत आटलेल्या पाण्याची भर घालावयास शेजारचा एक विद्यार्थी पुरेल; पंप चालू ठेवावयास शिपाई नेमण्याची गरज पडणार नाही. वर्षअखेर त्या नोंदींचा आलेख काढून तो याच वार्षिकात छापावा. दोन-चार वर्षांचे आलेख जमले म्हणजे त्याच वह्या घेऊन मुलांनी नदीकाठी जावे व तेच प्रश्न दूधगंगेस विचारावेत.

१९४० मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी कोकण किनाऱ्याच्या पाण्यातील जेमतेम इंचभर लांबीच्या, आरपार दिसणाऱ्या एका माशाचे वर्णन प्रथम जगापुढे ठेवले. इतका लहान जीव ज्याच्या नजरेतून सुटला नाही, त्याने आधी किती वेळ शांतपणे पाण्याकडे पाहिले असेल याचा विचार करावा. ती नजर आपल्या गावातील मुलामुलींस लाभावी, एवढीच आमची इच्छा आहे. त्यासाठी लागणारे रुंद भांडे, ओंजळभर वाळू, हायड्रिलाची जुडी आणि पूर्वेचे ऊन ही सामग्री आपल्या गावात कोणासही दुर्मीळ नाही. महिनाभराचा धीर तेवढा प्रत्येकाने आपल्या पदरचा घालावयाचा आहे.